पाहुण्याचा कप

मास्तरांच्या दुकानात कात्रीपेक्षा जीभ जास्त चालायची. शिवणकामात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि थापा मारण्यातही. त्यामुळे छातीत पहिल्यांदा फडफड झाली तेव्हा त्यांनी कात्री खाली ठेवली आणि आत हाक मारली, "अगं ए, पाहुणा आलाय, चहा टाक!"

बायको तीन कप घेऊन आली, तर दुकानात दुसरं कोणीच नाही. मास्तरांनी छातीकडे बोट दाखवलं. दोघं पोट धरून हसली. तिसरा कपही मास्तरांनीच रिचवला. थोड्या वेळाने फडफड थांबली. "गेला," ते म्हणाले.

तेव्हापासून घरात त्या फडफडीला तेच नाव पडलं. पाहुणा यायचा, जायचा, आणि ती भाबडी बाई दरवेळी तिसरा कप मांडायची.

एकदा मात्र तिला ते हसण्यावारी नेववेना. तिने मास्तरांना ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी ईसीजी काढला. "हृदयाचे वरचे कप्पे नीट ठोके देत नाहीत, नुसते थरथरतात. अजून हे आपोआप थांबतंय, तोवर उपचार करून घ्या. पुढे कप्पे ताणले जातात, मग ठोका ताळ्यावर आणणं अवघड."

"गणवेशांचा सीझन तेवढा संपू दे," मास्तर म्हणाले. सीझन संपला, तर पडद्यांचं काम आलं. बरं वाटतंय म्हणून गोळ्याही सुटल्या. राग यावा असाच माणूस! बायको मागे लागायची, पण तिचाही जोर कमी पडायचा. ज्याचं नाव पाहुणा, त्याची धास्ती कुणाला वाटणार?

मग एकदा पाहुणा आला तो गेलाच नाही. कापडाचा तागा उचलताना मास्तरांना धाप लागू लागली. पाय सुजले. पुन्हा दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी मशीनच्या पडद्यावर हृदय तपासलं.

"कप्पा फार मोठा झालाय. ठोका आता पूर्वीसारखा होणार नाही. वेग आवरू, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून औषध देऊ."

"म्हणजे ताणून गेलेलं इलास्टिक," मास्तर म्हणाले. वाटेत त्यांनी एकही थाप मारली नाही. बायकोला त्याचंच जास्त भय वाटलं.

दुकान बंद झालं. एका संध्याकाळी ते रिकाम्या टेबलाशी बसले होते. ती चहा घेऊन आली, सवयीने तीन कप.

"हा कुणाला?" ते हसले. "तो आता पाहुणा राहिलाय का?"

तिला रडू आवरेना. "मीच त्याला चहा पाजत राहिले हो," ती म्हणाली. "मीच ठेवून घेतलं त्याला."