मुलीच्या आधी गेलेली पेटी

त्या सकाळी मी चौंडेश्वरी देवीला नमस्कार केला आणि मोहाडीच्या स्टँडवर एसटीच्या टपावर मुलीची पत्र्याची पेटी चढवली. पेटी रिकामी होती. सुगंधाला अकरावीसाठी जवाहरनगरला मामाकडे ठेवायचं घरात चाललं होतं, पण माझं मन धजत नव्हतं. आधी रस्ता आपण पाहून यावा, पेटी टपावर टिकते का तेही कळेल, एवढाच विचार. रिकामी पेटी घराबाहेर नेऊ नये म्हणून बायकोने तळाशी मूठभर तांदूळ टाकले होते.

वरठीच्या रेल्वे फाटकावर गाडी अशी आदळली की पेटीची कडी निखळली. भंडाऱ्याला उतरून ती सुतळीने बांधली. या वाटेने जाणाऱ्यांनी पोटाला आधार इथेच घ्यावा. स्टँडबाहेर आलूबोंडा गरम मिळतो. पुढे वैनगंगेचा पूल लागतो. तिथे हात आपोआप जोडले गेले.

मेहुणा, म्हणजे सुगंधाचा मामा, जवाहरनगरच्या कारखान्यात कामाला. क्वार्टरच्या दारातच हसला, "भाऊजी, पेटी आली, पोरगी कुठी राहिली?"

"पहिले रस्ता पाहून राहिलो."

संध्याकाळी वसाहतीच्या हॉलमध्ये चांदावर जाणाऱ्या रॉकेटची जुनी फिल्म होती. आपल्या धानगिरणीची चिमणी त्याच्या पायाशी खेळण्यासारखी दिसली असती. एक साहेब समजावून सांगत होते.

"आत कोनी नाही?" पुढे बसलेल्या म्हातारीने विचारलं.

"नाही, आजी. पहिले रिकामंच पाठवलं."

"मंग एवढा खटाटोप कायले?"

"नंतर जाणारा मानूस परत याले पायजे म्हणून."

दुसऱ्या रिकाम्या खेपेला ते धूड थरथरलं, दोन इंजिनं वाटेतच बंद पडली. दोष शोधले, दुरुस्त केले, आणि पुढच्या खेपेला माणसं बसवली. मेहुणा कानाशी म्हणाला, "पाहा भाऊजी, रिकामंच पाठवत नाही बसले ते."

परतताना डोळ्यांपुढे रॉकेट कमी, ते उडताना खाली माना वर करून उभी असलेली माणसंच जास्त येत होती.

घरी पेटीला नवी कडी ठोकून घेतली. बायको म्हणाली, "आनखी एकडाव पाहून येता काय?" मी नकारार्थी मान हलवली.

सोमवारी पेटी भरली. तांदूळ तळाशी तसेच ठेवले. सुगंधा एसटीत खिडकीशी बसली.

"बाबा, तुमी नाही येऊन राहिले?"

"मामा भंडाऱ्याले उभा आहे, माय."

कंडक्टरकडून एकच तिकीट घेतलं, तिच्या हातात दिलं आणि खाली उतरलो.