वीस मायक्रॉन कमी

जाडी मोजायचा मायक्रोमीटर हातात घेतला की बाई आधी कागदाचा एक चिटोरा त्याच्या जबड्यात हलकेच पकडायच्या आणि सर्रकन ओढून काढायच्या. चिटोऱ्यावर काळी रेघ उठली तर ती आम्हाला अशी दाखवायच्या, जणू आम्हीच आंघोळ न करता कामावर आलोय. मग जबडे मिटवून शून्य जुळतंय का ते बघायच्या. "आधी शून्य बघायचं," त्या म्हणायच्या, "मंग दुसऱ्याच्या चुका काढायच्या."

मोजमाप करणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. सोनाराकडे, शिंप्याकडे, औषधाच्या दुकानात. बहुतेक सगळी खालमानेची, हळू आवाजात बोलणारी. आमच्या बाई तशा नव्हत्या. त्यांचा आवाज ग्राइंडिंग मशीनच्या वर जायचा. भरे गावातून स्कूटरवर यायच्या, तर वाटेतल्या डंपरवाल्यांना हॉर्न देऊन बाजूला करत. कंपनीत नवा आलेला कुणी त्यांना "मावशी" म्हणाला की त्या मोजणं थांबवायच्या. "मावशी घरी. हितं इन्स्पेक्टर." एवढं ऐकवल्याशिवाय पुढचा जॉब, म्हणजे तपासायचा सुटा भाग, हातात घ्यायच्या नाहीत. शेवटी आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणू लागलो. त्या मात्र कुणालाच नावाने हाक मारत नसत. मी माल पाठवण्याचं काम बघायचो म्हणून मी "डिस्पॅच". गेटवरचा तो "गेट". फक्त ग्राइंडिंग मशीनवरच्या रफीकला त्या रफीक म्हणायच्या. का, ते सांगतो.

रफीक पौडच्या बाजारपेठेतला. त्याचं लग्न ठरलं तेव्हा होणाऱ्या बायकोला बांगड्या घ्यायच्या होत्या आणि माप विचारायची त्याला लाज वाटत होती. बहिणीकरवी त्याने तिची एक जुनी बांगडी मिळवली आणि रुमालात बांधून कंपनीत आणली. बाईंनी व्हर्नियर मापपट्टीचे आतले जबडे बांगडीत उघडले, काचेला चरा जाणार नाही इतक्या हलक्या हाताने, आणि कासाराच्या भाषेत माप सांगितलं, "दोन-सहा. पर दोन-चार मागायच्या न्हाईत हां, कासार म्हनला तरी. चढवताना पोरीचा हात सोलंल." लग्नाला आम्ही सगळे गेलो होतो. बाईंनी नवरीचा हात हातात घेऊन बांगड्या खालीवर सरकवून बघितल्या आणि तिच्यासमोरच "पास" म्हणाल्या. तेव्हापासून त्यांच्या तोंडी तो रफीक.

बाई कंपनीत आल्या कशा, हीही एक गोष्टच आहे. आमचं शेड उभं आहे तिथे पूर्वी त्यांच्या सासऱ्यांचं भाताचं खाचर होतं. जमीन विकताना घरातल्या एकाला नोकरी, असा शब्द मिळाला होता. आधी दीर आले. त्यांना खुर्चीत बसायची नोकरी हवी होती, ती नव्हती, म्हणून थोड्याच दिवसांत ते घरी बसले. मग बाई आल्या. पहिल्या दिवशी त्यांच्या हातात झाडू दिला गेला. बाईंनी तो भिंतीला टेकवून ठेवला आणि म्हणाल्या, "झाडायला मला माझं घर हाय. हितं दुसरं काय शिकवताय ते बोला."  आणि त्या तपासणीच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या. पुण्याहून बसने येणारे एक म्हातारे इन्स्पेक्टर तिथे बसायचे. बाई रोज त्यांच्या खांद्यामागे उभ्या. म्हातारबुवा वैतागले, चिडले आणि शेवटी शिकवायला लागले. ते निवृत्त झाले तेव्हा टेबल बाईंकडे आलं.

मोजताना मात्र बाईंचा सगळा आरडाओरडा थांबायचा. मायक्रोमीटरच्या मागचं बोंड त्या दोन बोटांनी फिरवायच्या. टकटक असा आवाज आला की तिथेच थांबायचं, त्यापुढे जोर लावला की माप खोटं येतं. मशीनवरून आलेला जॉब गरम असेल तर हात लावायच्या नाहीत; लोखंड गरम असताना फुगलेलं असतं. आणि एकदा मोजून त्यांचं कधीच भागायचं नाही. जॉब हातात फिरवायचा, दुसऱ्या बाजूने मोजायचा, पुन्हा फिरवायचा. "माणूस एका बाजूनं सरळच दिसतो," त्या म्हणायच्या.

त्या फिरवून मोजण्यावरूनच सगळं झालं.

आमची कंपनी लिफ्टच्या ब्रेकमध्ये बसणाऱ्या पिना बनवायची. बोटाएवढी जाड, चकचकीत पिन. हिंजवडी, बावधनला टॉवर उभे राहत होते आणि आमच्याकडे कामाला तोटा नव्हता. त्या वर्षी दिवाळीच्या आधी एक मोठा लॉट अडकला होता. गिऱ्हाइकाचे फोनवर फोन. मालक दिवसभर मोबाइल कानाला लावून शेडमध्ये येरझाऱ्या घालत होते. ट्रक दुपारपासून गेटच्या आत उभा होता.

बाईंनी पिन मोजली, फिरवली, पुन्हा मोजली. बाजूला ठेवली. दुसरी घेतली. तिसरी घेतली. मग उठून त्यांनी आख्खा खोका टेबलावर ओतला. आवाजाने आम्ही सगळे वळलो.

"ह्या जाणार न्हाईत," बाई म्हणाल्या.

पिना एका बाजूने बरोबर होत्या, फिरवल्यावर वीस मायक्रॉन कमी भरत होत्या. म्हणजे केसाचे उभे तीन-चार भाग केले तर त्यातल्या एकाएवढं. पिन गोल नव्हती, किंचित चपटी होती. कारणही सगळ्यांना माहीत होतं. रफीकच्या मशीनचं बेअरिंग खराब झालं होतं, आणि ते बदला म्हणून बाईंनी आख्ख्या शेडला ऐकू जाईल असं मालकांना सांगितलं होतं. मालक म्हणाले होते, दिवाळीनंतर बघू.

मालक टेबलाशी आले. मोठा आवाज करणारे ते नव्हते. मी एवढंच सांगतो की ते स्वतः इंजिनिअर होते, बाईंचं माप बरोबर आहे यात त्यांना शंका नव्हती. त्यांनी मायक्रोमीटरला हातही लावला नाही.

"बाई, कमी आहेत ते मला कळतंय. पण फिटिंगवाले बसवतील. आजवर कधी तक्रार आली नाही."

"आजवर मी सोडल्या न्हाईत, म्हनून आली न्हाई."

"हा लॉट गेला नाही तर पुढचं काम जाईल. मग या सगळ्यांनी काय करायचं? तुम्हीच सांगा त्यांना."

हे त्यांनी आमच्याकडे हात करून म्हटलं. आणि खोटं कशाला बोला, आमच्यातल्या काहींना ते पटलंही. मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, सोडा की. सणाचे दिवस हायेत." बाईंनी वळून बघितलंसुद्धा नाही.

"नाहीतर दुसरं करतो," मालक म्हणाले. "चूक मशीनवर झाली आहे. रफीकला आजच घरी पाठवतो. चालेल?"

रफीक मशीनपाशी उभा होता. हात तेलाने माखलेले.

"त्याला कशाला? मशीन तुमचं. मी वरडून सांगितलं तवा ह्याच जागेवर हुबे व्हता तुमी."

"ही कंपनी माझी आहे, बाई."

"व्हय. कंपनी तुमची. मशीन तुमचं, ट्रक तुमचा. पर पास कुनाच्या हातानं व्हतंय? ह्या हातानं. त्यो माझा हाय."

मालक माझ्याकडे वळले. "माल भरायला घ्या."

तेवढ्यात बाईंनी टेबलाखालून लाल रंगाचा डबा काढला. नापास मालावर लाल ठिपका द्यायचा, हा नियम प्रत्येक कारखान्यात असतो. एकदा लाल लागलं की तो जॉब कुणी विकत घेत नाही. बाईंनी झाकण उघडलं, ब्रश बुडवला, काठाला निथळवला आणि पहिल्या पिनेवर ठिपका दिला. मग दुसरीवर. डबा उपडा करून त्या मोकळ्या झाल्या असत्या, पण तसं केलं नाही. एकेक पिन उचलायची, ठिपका द्यायचा, वाळायला रांगेत ठेवायची. जसं रोजचं काम.

"बाई, थांबवा ते!" मालकांचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा चढला.

बाई थांबल्या नाहीत. मी जवळून बघत होतो. प्रत्येक ठिपका गोल येत होता.

मग रफीक पुढे आला. चिंधीने हात पुसले, डब्यात बोट बुडवलं आणि स्वतः घासून चमकवलेल्या पिनांवर लाल ठिपके द्यायला लागला. ते बघवत नव्हतं आणि नजरही हलत नव्हती. मी बाहेर गेलो आणि ट्रक शेडशी लावायला निघालेल्या ट्रकवाल्याला इंजिन बंद करायला सांगितलं. तो परराज्यातला. म्हणाला, "क्या हुआ? माल नहीं जाएगा?" बाईंनी आतूनच ओरडून उत्तर दिलं, "जायेगा! पण बराबर माल जायेगा!"

ट्रक रिकामा गेला. गिऱ्हाइकाने त्रास दिला, अर्धं काम दुसरीकडे नेलं. आमची दिवाळी सुकी गेली आणि काही जण बाईंशी बोलेनासे झाले. बाईंनी त्यांना एकदाही समजावलं नाही. डबा उघडून एकट्या जेवायच्या, भाकरी मोडताना नेहमीसारखाच आवाज करत. मशीनचं बेअरिंग मात्र बदललं गेलं. नव्या पिना गेल्या, त्या बाईंनी फिरवून फिरवून मोजल्या.

वातावरण निवळल्यावर मालकांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. मीही काही कामासाठी तिथे होतो. मालक नरमाईनेच म्हणाले, "झालं ते झालं, बाई. यापुढे फक्त एक करा. लाल रंग लावायच्या आधी मला विचारा."

बाईंनी थोडा विचार केला, म्हणजे तसं दाखवलं तरी. "तुमाला इचारून लावायचा असंल तर तुमीच मोजा," त्या म्हणाल्या, आणि गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. मालक "बसा, बसा" म्हणत राहिले. बाई उभ्याच होत्या, तशाच निघाल्या. रफीक गेटपर्यंत गेला. स्कूटर सुरू करताना त्या त्याच्यावरच खेकसल्या, "मशीन सोडून आलायस व्हय? जा आत!"

घरी बसणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. भऱ्यातल्या घराची पुढची खोली भाड्याने दिलेली होती, ती त्यांनी रिकामी करून घेतली आणि मोजणीची साधनं मांडली. उरवडे, पिरंगुटचे छोटे कारखानदार तपासणीसाठी माल पाठवू लागले. मग स्वतःच येऊ लागले. एकदा मी गेलो होतो तर ओसरीवर आमचे मालक बसलेले, मांडीवर पिनांचा खोका. गिऱ्हाइकानेच सांगितलं होतं म्हणे, बाहेरून तपासून आणा. बाईंनी त्यांना चहा दिला, खुशाली विचारली आणि त्यांच्या आधी आलेल्या माणसाचा माल संपेपर्यंत बसवून ठेवलं. मग त्यांच्या पिना मोजल्या, थोड्या नापास केल्या. मालक लाल ठिपक्यांकडे बघत राहिले. मग खोका उचलून स्वतःच गाडीपर्यंत घेऊन गेले.

त्या दिवशी मी बाईंना विचारलं, "बाई, त्या दिवाळीचा लॉट गेला असता तर काय झालं असतं हो?"

मला वाटलं, पडलेली लिफ्ट, माणसं, असं काही सांगतील. बाईंनी चष्मा पुसला. "काय बी झालं नसतं कदाचित," त्या म्हणाल्या. "म्हनून सोडायच्या व्हय रं, डिस्पॅच?"

मागच्या हिवाळ्यात बाई गेल्या. आजारपण थोडक्या दिवसांचं. मला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं.

परवा भऱ्याला गेलो होतो. बाईंचे यजमान ओसरीवर बसले होते. पुढच्या खोलीत आता हिंजवडीला नोकरी करणारे दोघे भाड्याने राहतात. साधनं कुणी कुणी घेऊन गेलं. खोलीच्या मधोमध एक काळा ग्रॅनाइटचा ठोकळा तेवढा उरला आहे, जॉब ठेवून मोजायला लागतो तसला, आरशासारखा सपाट. तो आत आणायला बाईंनी दाराची चौकट काढायला लावली होती म्हणे. चौकट परत बसली आणि दगड आत राहिला. भाडेकरूंपैकी एक जण त्यावर चपाती लाटत होता. "काका, आधी आम्ही म्हणत होतो, हा दगड काढून द्या," तो हसत म्हणाला. "आता राहू दे."

मी यजमानांना विचारलं, "खरंच काढणार नाही?"

"कसा काढनार? चौकट मोडावी लागंल." त्यांनी दगडाकडे बघितलं. "घर माझं हाय," मग म्हणाले, "पर तेवढी जागा तिची."