सुरयांची अंडी आणि माझे बूट

आमच्या गावची माणसं शेळ्या होडीत घालून समोरच्या ओसाड बेटावर चरायला सोडतात. तिथेच सुरय पक्षी उघड्या वाळूत अंडी घालतात. त्या दिवशी मीही होडीतून बेटावर गेलो होतो. शेळ्या अंड्यांकडे निघालेल्या दिसल्या आणि मी शूरपणे ओरडत धावलो. त्या बिथरून थेट अंड्यांवरूनच पळाल्या.

खाली पाहिलं, तर माझ्या बुटांभोवतीही वाळूच्याच रंगाची अंडी. उचललेला पाय टेकवायचा धीर होईना. डोक्यावर पक्षी किंचाळत होते.

“मास्तर, शेळ्यांना मी आवरतो,” होडीवाले तात्या म्हणाले. “तुम्हाला कोण आवरणार?”

वाचवायला धावणाऱ्याची नजर नेहमी लांबच असते. तात्यांनी बोटाने दाखवलं तसा मी एकेक पाऊल टाकत निघालो. धावत आलो त्या वाटेकडे मात्र वळून बघवलं नाही.