निळ्या केसांची मुलगी

दुपारी स्वयंपाकघरातून इंग्रजी ऐकू आलं. घरात मी आणि माझी बायको सुनंदा दोघंच असतो, म्हणून दारापाशी जाऊन पाहिलं. ओट्यावर लॅपटॉप होता आणि आमच्या मुलीने लावून दिलेल्या इंग्रजीच्या वर्गात सुनंदा बोलत होती. त्या वर्गात कुणी स्वतःच्या चेहऱ्याने येत नाही. प्रत्येकजण चित्रातलं एक रूप निवडतो. हिने विशीतली, निळ्या केसांची मुलगी निवडली आहे. कॅमेऱ्यासमोर ही जशी हलते, तशी पडद्यावर ती हलते. कुणा ब्राझीलच्या माणसाला ती थालीपीठ कसं थापायचं ते सांगत होती. अडखळत, चुकत, पण हात नाचवून आणि हसत.

इतकं बोलणारी सुनंदा मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. लग्नानंतर एकदा तिने माझ्या साहेबांना इंग्रजीत चहा विचारला होता, आणि सगळ्यांच्या आधी मीच हसलो होतो. तेव्हापासून परक्या माणसाशी बोलायची वेळ आली की तिचा पदर तोंडावर जातो. मला वाटायचं, स्वभावच तसा आहे. बोलायला शब्दांइतकाच, ज्याला अजून कुणी हसलेलं नाही असा एक चेहरा लागतो, हे मला कुठे ठाऊक होतं.

"छान बोलतेस गं," मी म्हणालो.

तिने वळून पाहिलं नाही. पडद्यावरच्या त्या मुलीला पदर नव्हता. तिचा रिकामा हात हळूच वर आला आणि तोंडावर जाऊन थांबला.