अभ्यास चालू आहे

जेजू बेटावरच्या पाणबुड्या बायकांना बू ओकरान घरचीच होती. तिची आई त्यांच्यातच बुड्या मारून म्हातारी झाली, आणि लेक समुद्राचं शास्त्र शिकून संशोधन केंद्रात लागली. पाणी किती तापलंय, तळाशी शेवाळ किती उरलंय, हे मोजणं तिचं काम.

वसंतात बायका नेहमीप्रमाणे जॉनबोक शिंपल्यांची पिल्लं खडकांवर सोडायला निघाल्या. त्यांची म्होरकी चुन्जाकाकी. तिने ओकरानला धक्क्यावरच गाठलं. "तुला कळतं बाई यातलं. शेवाळ फार विरळ दिसतंय. सोडू का यंदा पिल्लं?"

शेवाळच उरणार नाही, पिल्लं उपाशी मरतील, हे ओकरानला पक्कं ठाऊक होतं. पण तिचा शोधनिबंध अजून छापून यायचा होता, आणि त्याआधी बाहेर बोलायची केंद्रात मनाई होती. आणि काकीचा चेहरा पडलेला बघायची तिची छाती होईना.

"अभ्यास चालू आहे, काकी. आत्ताच काही सांगता येत नाही."

"म्हणजे हरकत नाही!" काकी हसली. ओकरानने तिला अडवलं नाही.

शरदात निबंध छापून आला आणि परदेशातल्या परिषदेत तिचं भाषण गाजलं. गावच्या सभागृहात बायका भाजी चिरत बसल्या होत्या, तेव्हा ती टीव्हीवर दिसली. तिच्यामागच्या पडद्यावर त्यांचीच खाडी होती, तळ हाडासारखा पांढरा पडलेला. "हे आम्हाला तीन वर्षांपूर्वीच दिसलं होतं," ती सांगत होती.

परतल्यावर ती काकीकडे गेली. काकीने गरम पेज पुढे ठेवली. "घ्या, मॅडम. दमला असाल."

"काकी, मला अहोजाहो नका ना करू."

"परक्या लोकांना सगळं सांगितलंत. आम्हाला सांगायला तोंड उघडलं नाही? आम्ही वर काय आणलं, माहितीय? रिकामी कवचं."

"भ्याले मी. तुम्ही रागवाल म्हणून."

"रागावलो असतो. चार दिवसांनी निवलोही असतो."

ओकरानची मान वर होईना.

पुढच्याच रविवारी ती सभागृहात उभी राहिली. काय मेलं, काय वाचू शकेल, कोणत्या खडकांना हात लावायचा नाही, सगळं गावच्या बोलीत सांगितलं. आपण गप्प बसलो हेही सांगितलं. दोघी मधूनच उठून गेल्या.

नवी मोजणी छापून येण्याआधी बोलू नका, अशी केंद्रातल्या साहेबांनी तिला तंबी दिली. तरी ती दर महिन्याला येते. बायका ऐकतात, वाद घालतात, कामाला लागतात. जेवून जा, असं मात्र कुणी म्हणत नाही. तीही खाली मान घालून निघते.