दाराला लावलेला पॉलिश पेपर

कुत्रा मी आणलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. सिल्वासातल्या आमच्या सोसायटीत सगळे त्याला माझाच समजतात, कारण सकाळ-संध्याकाळ पट्टा माझ्या हातात दिसतो. आणला मुलानं. बारावीत असताना किलवणी नाक्याजवळच्या गटारातून काढून, शाळेच्या शर्टात गुंडाळून. "आई, त्याचं सगळं मी करीन," म्हणाला. केलंही, खोटं कशाला बोलू. पुण्याला नोकरी लागेपर्यंत केलं. मग बॅग उचलली आणि गेला. जाताना कुत्र्याची वाटी, ब्रश आणि नखं कापायची कातरी एका पिशवीत घालून माझ्या हातात दिली. "नखं महिन्यातून एकदा, विसरू नकोस हं," एवढं वर सांगून गेला. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच.

त्याचं नाव मुलानं काहीतरी इंग्रजी ठेवलंय, ते माझ्या तोंडात बसत नाही. मी त्याला "ए" म्हणते. तो येतो.

नखं मात्र तो फक्त मुलाकडूनच कापून घ्यायचा. मुलगा हॉलमध्ये फरशीवर आडवा पडायचा, कुत्रा त्याच्या पोटावर पाय टाकायचा, आणि टीव्ही बघता बघता काम व्हायचं. मी कातरी नुसती हातात घेतली तरी हा पंजे छातीखाली दाबून बसतो. पंजाला हात लावला की वरचा ओठ उचलून दात दाखवतो. चावत नाही, पण चावेन असं नीट समजावून सांगतो. मी गूळ-शेंगदाण्याचा लाडू दिला. लाडू खाल्ला आणि पंजा परत आत घेतला. मुलाला व्हिडिओ कॉल केला तर तो म्हणाला, "आई, तू आधी स्वतः रिलॅक्स हो. त्याला तुझं टेन्शन कळतं." पुण्यात बसून मला रिलॅक्स व्हायला सांगणाऱ्या त्या तोंडावर मी फोन बंद केला.

मागची नखं चालून चालून झिजायची, पण पुढची वाढत गेली. फरशीवर तो चालला की टक टक टक असा आवाज यायचा. मला त्याचं काही वाटत नव्हतं. घरात कोणीतरी आहे असं वाटायचं, इतकंच. पण आमच्या फरशीखाली एका माणसाचं डोकं असतं, हे मी विसरले होते.

खालच्या मजल्यावर राहणारा माणूस धुळ्याकडचा. मसाटच्या एका यार्न कंपनीत, म्हणजे सूत काढायच्या कारखान्यात मशीनवर आहे, कायम रातपाळी. बायकामुलं गावी. आमच्या गावात कारखान्यांच्या रातपाळीमुळे निम्मे लोक दिवसा झोपतात, म्हणून भर दुपारी कोणी खिळा ठोकत नाही, कुकरची शिट्टीसुद्धा लोक जपून करतात. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण मोडला की भांडण ठरलेलं. तर तो एक दिवस दुपारी वर आला. डोळे लाल, गंजीफ्रॉकवरच.

"ताई, मी रातपाळी करी येस," तो म्हणाला. "डोकावर पूरा दिन टकटक चालस. झोप लागत नही. मशीनमा हात जाई मना एक दिन."

मी म्हटलं, कुत्रा आहे, चालणारच. उडायला शिकवू का त्याला?

"नखं कापा ना त्यानी," तो म्हणाला. आवाज चढलेला होता. माझाही चढला. तो पाय आपटत जिना उतरला आणि मी दार आपटलं. दुपारी दार आपटायचं नसतं, तेही आपटलं.

दुसऱ्या दिवशी मी फरशीवर जुन्या चादरी अंथरल्या. कुत्रा चादरी सोडून कडेकडेनं भिंतीलगत चालायला लागला. माझ्या घरातली माणसं जशी वागतात तसाच तोही.

ह्यांना हे कळलं ते सोसायटीच्या सेक्रेटरीकडून. आमचे हे एका प्लांटमध्ये मेंटेनन्सला आहेत. कुठलीही गोष्ट बिघडली की तिला बंद करा, आवळून बांधा, उघडा आणि दुरुस्त करा, ही ह्यांची पद्धत. पंचवीस वर्षं मशीन दुरुस्त करून माणसाला जगात दुसरं काही दिसत नाही. रविवारी सकाळी हे प्लांटमधल्या दोन फिटरना घेऊन घरी आले. हातात चामड्याचे हातमोजे, खोकी बांधायची पॅकिंगची पट्टी, आणि एक जाड ब्लँकेट. मी विचारलं, हे काय चाललंय?

"पाच मिनिटांचं काम आहे," हे म्हणाले. "तू आत जा."

मी आत गेले नाही. त्यांनी ब्लँकेट टाकलं, एकानं मान धरली, एकानं कंबर, ह्यांनी पट्टीनं तोंड बांधलं. कुत्र्यानं एक आवाज काढला, तो मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. माहेरी आमच्या वाडीत डुक्कर पकडायला माणसं यायची, तेव्हा ऐकला होता. ह्यांनी पहिलंच नख मुळापर्यंत कापलं. नखाच्या आत रक्ताची शीर असते, हे मुलानं दहा वेळा सांगितलं होतं, पण ऐकणार कोण? रक्त फरशीवर, ब्लँकेटवर, ह्यांच्या लेंग्यावर. कुत्रा मुतला. त्यावरून एक फिटर घसरला आणि पकड सुटली. कुत्रा तोंडाला पट्टी तशीच घेऊन पलंगाखाली घुसला आणि जाता जाता ह्यांच्या मनगटावर ओरखडा काढून गेला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्या तिघांना घराबाहेर काढलं. हो, ह्यांनासुद्धा. दोन्ही फिटर बिचारे खाली मान घालून चपला शोधत होते. पलंगाखाली पोटावर सरकत जाऊन मी ती पट्टी सोडवली, नखावर हळद दाबली. त्यानं हळद लावू दिली. पण त्यानंतर पंजाजवळ हात नेला की नुसता ओठ नाही, सगळं अंग ताठ व्हायचं. म्हणजे होता नव्हता तो मार्गही ह्यांनी बंद केला.

संध्याकाळी मनगटाला बँडेज लावून हे परत आले. जेवताना शांतपणे म्हणाले, "आता शटडाऊन लागतोय. तो संपला की ह्याला सुरंगीला सोडून येतो. तिकडे जंगल आहे, गावं आहेत. राहील मजेत."

सिल्वासाच्या लोकांना हे वाक्य नवीन नाही. बदली झाली, कुत्रा चावरा निघाला, घरात बाळ आलं, की एखादी पिकअप सुरंगीच्या किंवा वासोण्याच्या रस्त्याला जाते आणि रिकामी परत येते. सगळे म्हणतात, राहील मजेत. सात-आठ वर्षं सोफ्याखाली झोपलेला, वरणभात खाल्लेला कुत्रा जंगलात मजेत राहील? आपल्यापैकी एकाला सोडून बघा म्हणावं. मी म्हटलं, "त्याला नेणार असाल तर पिकअपमध्ये माझीही जागा ठेवा." हे म्हणाले, "नाटक करू नकोस." मी त्यांच्या पानात भाकरी वाढली ती जरा लांबूनच.

शटडाऊन म्हणजे वर्षातून एकदा पूर्ण प्लांट बंद ठेवून सगळी मशीन उघडायची. त्या काळात मेंटेनन्सवाल्यांच्या येण्या-जाण्याला धरबंध राहत नाही. ह्यांची वेळ कधी दुपारी, कधी पहाटे. आणि इथे मला कुत्र्याचाही राग येतो, तो सांगते. खायला मी घालते, आंघोळ मी घालते, गोचिड्या मी काढते. आणि वाट कोणाची बघणार? ह्यांची. मुलगा गेल्यापासून हा असाच. हे बाहेर पडले की दाराशी जाऊन बसायचं. नेहमीची वेळ टळली की पुढच्या दोन्ही पायांनी दार खरवडायचं. ज्यानं तोंडाला पट्टी बांधली, ज्यानं रक्त काढलं, त्याच्यासाठी. मी शेजारी बसले तरी माझ्याकडे बघायचा नाही.

दाराच्या खालच्या भागाचं पॉलिश पार निघालं. एका दुपारी हे आले, दार बघितलं आणि भडकले. दार सागवानी, खास नाशिकहून करून आणलेलं. आल्या पावली परत खाली गेले आणि गाडीतून पॉलिश पेपरचा गुंडाळा घेऊन आले. लोखंडाचा गंज घासायचा असतो ना, तो जाडाभरडा, मागून कापड लावलेला. दाराच्या आतल्या बाजूला, कुत्र्याचे पाय पोचतात तिथपर्यंत तो सोल्युशननं चिकटवून टाकला.

"आता खरवड म्हणावं," हे म्हणाले. "पंजे सोलून निघाले की आपोआप अक्कल येईल."

मी म्हटलं, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. दुखणं नखांचं आणि शिक्षा पंजांना. पण चिकटवलेला कागद निघेना. मी सुरीनं कडा उचकटून पाहिल्या, सुरी वाकली. कुत्र्याचे पंजे बघायला गेले तर हात लावू देईना. लंगडत मात्र नव्हता, म्हणून मी गप्प बसले. आणि त्याला अक्कलही आली नाही. पूर्वीपेक्षा जोरात खरवडायला लागला, खर्र खर्र. जितका ह्यांना उशीर, तितका वेळ. रोज दाराशी करडी भुकटी पडायची. कागदाची वाळू सुटतेय, असं समजून मी ती झाडून टाकायची आणि ह्यांच्या नावानं बोटं मोडायची.

शटडाऊन संपला. रविवारी सकाळी हे अंघोळ न करताच तयार झाले. पिकअप खाली उभी होती. हातात तीच पॅकिंगची पट्टी. मी दाराला पाठ लावून उभी राहिले. पोटऱ्यांना तो पॉलिश पेपर टोचत होता. "हटतेस का?" हे म्हणाले. मी म्हटलं, "नाही." इतक्या वर्षांच्या संसारात मी ह्यांना इतकं तुटक उत्तर पहिल्यांदा दिलं असेल. नेहमी मी खूप बोलते.

तेवढ्यात दारावर बाहेरून धडाधड थापा पडल्या. उघडलं तर खालचा. डोळे लाल, गंजीफ्रॉक तोच. मला वाटलं, आता हाही भांडणार, आगीत तेल.

"कुत्राले सोडी उनात का तुम्ही?" त्यानं सरळ ह्यांनाच विचारलं.

हे गोंधळले. "का?"

"चार-पाच दिन व्हयनात, वर आवाज नही. खाले पिकअप उभी शे. माले समजत नही का?" त्याचा आवाज जिन्यात घुमत होता. सकाळची वेळ, म्हणजे अर्धी बिल्डिंग नुकतीच झोपलेली, पण त्याला त्याची पर्वा नव्हती. "मी नखं कापा म्हनलं व्हतं. सोडी द्या म्हनलं व्हतं का मी? मुकं जित्राप शे ते. मना नावावर पाप लावी राहिनात तुम्ही."

"अहो, तुम्हीच तक्रार केली ना," हे म्हणाले.

"तक्रार करी म्हनजे काय जीव मांगा का मी?"

आणि मग तो बोलता बोलता थांबला. ह्यांच्या पाठीमागे कुत्रा येऊन उभा होता. तो कधी आला ते आम्हाला तिघांनाही कळलं नव्हतं. पावलांचा आवाजच नव्हता. टकटक कधी थांबली, ते ह्यांच्यावरच्या रागात माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. खालचा त्याच्या पायांकडे बघत राहिला. मग आम्ही बघितलं. पुढच्या पंजांची सगळी नखं आखूड, गोल, व्यवस्थित घासलेली. कोणीही इतकी छान कापली नसती. नुसतं अंगठ्याचं नख वर तेवढं लांब राहिलं होतं, कारण ते दाराला टेकत नाही.

मी दाराकडे बघितलं. पॉलिश पेपरवर पांढरट पट्टे उठले होते. रोज झाडलेली भुकटी कशाची होती ते तेव्हा माझ्या लक्षात आलं.

खालचा जिना उतरून गेला. हे गॅलरीत गेले आणि पिकअपवाल्याला हातानंच जा म्हणाले.

इथे हे सगळं संपायला हरकत नव्हती, आणि माझा रागही. पण संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते आणि हे फोनवर प्लांटमधल्या कोणाला तरी सांगत होते, "अरे, एकदम सिंपल आयडिया. दाराला पॉलिश पेपर मारला. कुत्र्याला हात लावायची गरजच नाही. डोकं वापरलं की सगळं होतं." आणि हसत होते.

मी लाटणं हातात घेऊनच बाहेर आले. म्हटलं, "तुम्ही पॉलिश पेपर लावला तो त्याचे पंजे सोलायला. नखं झिजली ती तुमच्या डोक्यानं नाही. तुम्ही घरी यावं म्हणून तो दार खरवडत होता. जितका तुम्हाला उशीर, तितकी ती झिजली. आणि तुम्ही तिकडे पिकअप ठरवत होता, त्याला सुरंगीला टाकायला."

फोन ह्यांच्या कानाला तसाच होता. पलीकडचा माणूस हॅलो, हॅलो करत होता. कुत्रा कसलाही आवाज न करता हॉलमधून चालत आला आणि ह्यांच्या पावलांवर अंग टाकून बसला.