कुलूप लावलेला रिपोर्ट

डहाणूच्या ज्या छोट्या लॅबमध्ये मी रिपोर्ट टाइप करायचे, तिथे कागद सांभाळण्याची सोय म्हणजे काउंटरवरचा एक प्लास्टिकचा ट्रे. तयार झालेले सगळे रिपोर्ट त्यात पडायचे आणि ज्याला हवा तो स्वतःच शोधून घ्यायचा. आपला शोधता शोधता शेजाऱ्याची साखर किती आहे तेही कळून जायचं. तलासरीच्या नाक्यावर आमचं सँपल घेण्याचं केंद्र होतं. तिथले रिपोर्ट मी फोटो काढून केंद्रावरच्या माणसाला पाठवायचे आणि तो पुढे पेशंटला द्यायचा. एकदा त्याने एका बाईचा रिपोर्ट चुकून आपल्या क्रिकेटच्या ग्रुपवर टाकला. तिचा दीर त्याच टीममध्ये खेळत होता.

त्या दिवशी मी डॉक्टरांना सांगितलं की हे असं चालणार नाही. मला व्यवस्थितपणाचं वेड आहे. माझा नवरा रेल्वेत आहे, तो म्हणायचा की ही बाई एक दिवस मिठाच्या बरणीलाही पासवर्ड लावील. म्हणू दे. मी शेजारच्या कॉम्प्युटर क्लासवाल्याकडून शिकून घेतलं आणि २०१७च्या उन्हाळ्यात आमच्या लॅबची नवी पद्धत सुरू केली. प्रत्येक रिपोर्टची वेगळी फाइल, फाइलला कुलूप, आणि फाइल थेट पेशंटच्या फोनवर. मध्ये कुणी नाही, केंद्रावरचा माणूससुद्धा नाही. कुलूप उघडायचं ते फॉर्मवर लिहिलेल्या मोबाइल नंबरच्या शेवटच्या चार आकड्यांनी. डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली. मी पुढचे काही आठवडे जरा ताठच चालत होते, हे कबूल करते.

पावसाळा सरता सरता तलासरीकडच्या एका पाड्यावरून एक जोडपं आलं. लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. तिच्या सगळ्या तपासण्या आधी होऊन गेल्या होत्या आणि तिच्यात काही दोष निघाला नव्हता. पण ते घरात कुणी मान्य करत नव्हतं. सासू मुलासाठी दुसरी बायको बघायला निघाली होती. आता नवऱ्याची तपासणी करायची होती. तिनेच त्याला कसंबसं तयार करून आणलं होतं. तो बाहेर पायरीवर खाली मान घालून बसला होता.

तिने फॉर्म माझ्याकडे सरकवला आणि हळूच म्हणाली, "ताई, ह्यो कागद आमच्या दोघांबिगर कुणी बघाचा नाय."

"कुणी बघणार नाही," मी म्हटलं. "कुलूप लावून पाठवते. तुमच्याशिवाय कुणाला उघडता येणार नाही."

"म्हंजे दुसऱ्याच्या हातात फोन असला तरी?"

"असला तरी."

तिने मान हलवली आणि नंबर सांगितला. मी तो लिहून घेतला. फोन कुणाचा आहे, हा एवढा साधा प्रश्न मला सुचला नाही. ती मात्र विचारूनच पुढे गेली होती आणि माझ्या शब्दावर विसंबली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिपोर्ट तयार झाला. शुक्रजंतूंच्या रकान्यात शून्य होतं. थोडं कमी वगैरे नाही, सरळ शून्य. डॉक्टरांनी सही केली, मी फाइल केली, कुलूप लावलं आणि अकराच्या सुमारास व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून दिली. नंबरापुढे एकच करडी खूण आली. म्हणजे फाइल इथून निघाली होती, पण तिकडे पोचली नव्हती. त्या भागात रेंजची बोंबच असायची, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

साडेअकराला त्याच पाड्यावरचे एक म्हातारे काउंटरवर आले. त्यांना त्यांच्या रिपोर्टचा कागद हवा होता. मी म्हटलं, "बाबा, फोनवर पाठवलाय ना तुम्हाला."

"आला ना. दुकानवाल्यानं वाचून दाखवला. पण दवाखान्यात कागद मागतात."

"दुकानवाल्याला तुमचा रिपोर्ट उघडता आला कसा?"

म्हातारे माझ्याकडे कीव केल्यासारखे बघायला लागले. "चार आकडे त्याच्याच फोनचे ना, बाय. आमच्याकडं असला फोन त्याच्याचकडं. सगळ्यांचे रिपोर्ट तिथंच येतात. तो अंगणात बसून वाचतो, आम्ही ऐकतो."

मी रजिस्टर उघडलं. त्या पाड्याच्या अकरा फॉर्मवर एकच नंबर होता. मला तो दिसला नव्हता असं नाही. नंबर परत परत टाइप करावा लागत नाही, मागचाच उचलता येतो, म्हणून मला बरंच वाटलं होतं. अकरा घरांची कुलपं मी एकाच किल्लीची केली होती आणि ती किल्ली आधीपासून ज्याच्या खिशात होती, त्याच्याच हातात सगळे रिपोर्ट नेऊन ठेवत होते.

पाठवलेली फाइल परत घेण्याची सोय तेव्हा आमच्या फोनवर आलेली नव्हती. मी त्या नंबरवर फोन लावला, तर ग्राहक संपर्क क्षेत्राच्या बाहेर होता. पुन्हा लावला, पुन्हा तेच. केंद्रावरच्या माणसाला म्हटलं, मोटरसायकल काढ आणि पाड्यावर जा. तो सँपल घ्यायला पार उंबरगावच्या बाजूला गेला होता. खूण अजून एकच होती. एक आहे तोवर काही बिघडलेलं नाही, दुकानदाराच्या फोनला रेंज यायच्या आत मी पोचले तर त्याच्या हातापाया पडून ती फाइल पुसून टाकायला लावीन, असं मनाशी म्हणत मी पर्स उचलली आणि तलासरीची एसटी पकडली.

त्या प्रवासातलं मला बाहेरचं काहीही आठवत नाही. फोन मांडीवर होता आणि मी त्या खुणेकडे बघत होते. दर पाच मिनिटांनी नंबर फिरवत होते. आयुष्यात पहिल्यांदाच मी देवाकडे मागत होते की कुणाच्या तरी फोनला रेंज मिळू नये. शेजारच्या बाईने विचारलं, घरात कुणी आजारी आहे का. मी हो म्हटलं.

तलासरीचा नाका समोर दिसायला लागला तेव्हा दुसरी खूण उमटली. मी लगेच फोन लावला. रिंग वाजत राहिली, कुणी उचलला नाही. गाडीतून उतरून रस्त्याच्या कडेला उभी राहून परत लावत होते, तेवढ्यात दोन्ही खुणा निळ्या झाल्या.

तिथून पाडा रिक्षाने वीस मिनिटांवर होता. मी गेले नाही. आता जाऊन काय करायचं, असं मी स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर त्या बाईला तोंड दाखवायची माझी हिंमत झाली नाही. समोरून डहाणूची गाडी आली, तीत बसून मी परत आले आणि दुपारचे उरलेले रिपोर्ट टाइप केले.

आठ दिवसांनी ती एकटीच लॅबमध्ये आली. ती ओरडेल, शिव्या देईल म्हणून मी तयारी करून बसले होते. तिने तसं काही केलं नाही. दुकानदार तिचा चुलतसासरा होता. माणूस वाईट नव्हता. नेहमी सगळ्यांचे वाचतो तसाच त्याने हाही अंगणात बसून वाचायला घेतला. इंग्रजी अडलं म्हणून अंगणवाडीच्या बाईंना विचारलं. शून्य दहा-बारा जणांनी ऐकलं. त्या दिवसापासून तिचा नवरा घरी जेवत नव्हता, बोटीवरच्या कामाच्या शोधात किनाऱ्यावरच्या धाकट्या डहाणूला येऊन राहिला होता. पाड्यावर परत येणार नाही म्हणत होता. त्याहून वाईटही काही बोलत होता, ते तिने अर्धवटच सांगितलं.

"तुम्ही दुसरा कागद पाठवाचा," ती म्हणाली. "त्याच फोनवर. ह्यो रिपोर्ट त्याचा नाय, नावात चूक झाली, असा."

"अगं, मग सगळे पुन्हा तुलाच दोष देतील. सासू दुसरी आणेल."

"मला सहा वर्षांची सवय हाय. त्याला नाय. तो जीव देईल, ताई."

डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि सरळ नकार दिला. त्यांचं चुकीचं नव्हतं. ती बाकावर बसून राहिली. डॉक्टर जेवायला गेल्यावर मी लॅबच्या कागदावर चार ओळी टाइप केल्या की दोन पेशंटच्या नावांत गफलत झाल्यामुळे हा रिपोर्ट चुकीच्या माणसाला गेला आहे, त्याचा या व्यक्तीशी संबंध नाही. खाली सही नव्हती, नुसता शिक्का मारला. कुलूप लावलं नाही. पाठवलं आणि तिला दाखवलं. तिने माझा हात धरला. मला तो सोडवून घ्यावासा वाटला, कारण तिचा सगळा संसार मी आधी उधळला होता आणि आता वर तिचे आभार घेत होते.

नवरा घरी परतला, असं केंद्रावरच्या माणसाकडून कळलं. त्यानंतर मी प्रत्येक फॉर्मवर फोन कुणाचा, घरात अजून कोण वापरतं, हे विचारायला लागले. फोन स्वतःचा नसेल तर रिपोर्टचं बंद पाकीट ज्याचं त्याच्याच हातात. डॉक्टरांना त्या चिठ्ठीबद्दल मी कधीच सांगितलं नाही.

दीडेक वर्षाने ती पुन्हा आली. बरोबर एक मुलगी होती, एकोणीस-वीसची, गळ्यात नवं मंगळसूत्र. "ही आमच्याच घरातली," ती म्हणाली आणि माझी नजर चुकवून फॉर्म पुढे केला. नवरा तोच. लग्नाला वर्ष झालं होतं, दिवस राहत नव्हते. सासूने तपासायला पाठवलं होतं. फॉर्मवर त्याच तपासण्या होत्या, ज्या पहिलीच्या झाल्या होत्या.

मी नाव लिहिलं, वय लिहिलं. फोनची जागा मोकळी सोडली. ती मुलगी काउंटरवर पुढे वाकली आणि पहिलीला ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारलं, "ताई, माझ्यात खोट असंल का ओ?"

पहिलीने ते ऐकलं होतं. ती आता सरळ माझ्याकडे बघत होती.

"रिपोर्ट आल्यावर कळेल," मी म्हटलं आणि त्या मुलीला आत रक्त द्यायला पाठवलं.